मधुमेहाच्या गोळ्या आणि पुरुषांमधला कर्करोग : संशय किती, पुरावा किती

मधुमेहाची गोळी एकदा सुरू झाली की बहुतेकांची ती कायमची होते. वीस-पंचवीस वर्षं रोज पोटात जाणाऱ्या औषधाबद्दल ‘याने कॅन्सर तर होणार नाही ना?’ असा प्रश्न पडणं अगदी रास्त आहे. गंमत अशी की याच औषधांबद्दल नेमक्या उलट्या बातम्याही वाचायला मिळतात. मधुमेहाचं अमुक औषध म्हणे कॅन्सर रोखतं! एकाच कपाटातल्या औषधांवर आरोपही आणि त्यांची आरतीही, म्हटल्यावर सामान्य माणसाने समजायचं तरी काय?

उत्तर आधीच सांगून टाकतो. आज वापरात असलेल्या औषधांपैकी पुरुषांनी गांभीर्याने दखल घ्यावी असा संशय मुख्यतः एकाच औषधावर टिकून आहे. ते औषध म्हणजे पायोग्लिटाझोन, आणि संशय मूत्राशयाच्या कर्करोगाचा. तोही आकाराने लहान. बाकीच्या औषधांवरचे बहुतेक आरोप मोठ्या चाचण्यांमध्ये टिकले नाहीत, आणि मेटफॉर्मिनचं जे कौतुक झालं होतं तेही बरंचसं विरून गेलं. हे असं का झालं ते समजून घेतलं तर पुढच्या वेळी अशी बातमी आली की ती कितपत मनावर घ्यायची, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी आजाराचा हिशेब

टाइप २ मधुमेह असलेल्या माणसाला काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका मुळातच जास्त असतो, गोळी घेतली काय आणि न घेतली काय. २०१० साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी यांनी तज्ज्ञांना एकत्र आणून तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. यकृत आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगाचा धोका मधुमेहींमध्ये सुमारे दुप्पट किंवा त्याहूनही जास्त, तर मोठं आतडं आणि मूत्राशय यांचा साधारण २० ते ५० टक्क्यांनी जास्त, असं चित्र त्यातून पुढे आलं.

याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. टाइप २ मधुमेहात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड सुरुवातीची कित्येक वर्षं जास्तीचं इन्शुलिन ओतत राहतं. इन्शुलिन केवळ साखर पेशीत ढकलणारं संप्रेरक नाही, ‘वाढा’ असा निरोपही ते पेशींना देतं. त्यात पोटावरची चरबी आणि तिच्यामुळे शरीरात सतत धुमसणारा सौम्य दाह यांची भर पडते. शिवाय वाढतं वय, बैठं काम, तंबाखू, दारू ही मधुमेह आणि कर्करोग या दोन्हींची समान कारणं आहेत.

म्हणजे मधुमेहाचं औषध घेणाऱ्या माणसाची तुलना ठणठणीत माणसाशी केली, तर औषध निर्दोष असलं तरी दोषी ठरू शकतं. तुलना मधुमेहीची मधुमेहीशीच व्हायला हवी, आणि तीही आजाराच्या त्याच टप्प्यावरच्या. हे बोलायला सोपं, करायला फार अवघड. कारण डॉक्टर चिठ्ठ्या टाकून औषध देत नाहीत. नव्याने निदान झालेल्या, मूत्रपिंड चांगलं असलेल्या माणसाला बहुधा मेटफॉर्मिन मिळतं. त्याने भागेनासं झालं की दुसरी गोळी, मग तिसरी, आणि बऱ्याच वर्षांनी इन्शुलिन. त्यामुळे ‘इन्शुलिन घेणाऱ्यांत कॅन्सर जास्त’ असं आढळलं तर त्याचा अर्थ इतकाच असू शकतो की इन्शुलिन घेणारे वयाने मोठे आणि आजाराने जुने होते.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक कोडं आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत रंजक वाटतं. बहुतेक कर्करोगांचा धोका मधुमेहात वाढतो, पण प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या) कर्करोगाचा मात्र कमी होतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर मधुमेही पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सरचं निदान सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसतं, आणि मधुमेह जितका जुना तितका हा परिणाम ठळक. एक कारण असं की टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा कमी असतं, आणि प्रोस्टेटचा कर्करोग या संप्रेरकावर पोसला जातो. दुसरं कारण निदानाशीच निगडित आहे. मधुमेही पुरुषांच्या रक्तातली पीएसए या प्रोस्टेटमधून येणाऱ्या प्रथिनाची पातळी सरासरीने कमी असते. पीएसए वाढला की पुढची तपासणी होते. तो मुळातच खाली असला तर बायोप्सी कमी होतात आणि कॅन्सर सापडायचेही कमी. म्हणजे या १५ टक्क्यांतला काही भाग खरा, तर काही भाग ‘शोधलंच नाही म्हणून सापडलं नाही’ असा. भरीस भर म्हणजे ज्या मधुमेही पुरुषांना हा कर्करोग होतो त्यांची पुढची वाटचाल इतरांपेक्षा खडतर असते, असंही दिसून आलं आहे.

आता कल्पना करा, कोणी मेटफॉर्मिन घेणाऱ्या पुरुषांची तुलना मधुमेह नसलेल्या पुरुषांशी केली. प्रोस्टेट कॅन्सर कमी दिसणारच! श्रेय मात्र आयतं गोळीच्या पदरात पडेल.

स्वादुपिंडाच्या बाबतीत गुंता आणखी वेगळा आहे. तिथे कधी कधी कर्करोग आधी सुरू झालेला असतो आणि मधुमेह त्याच्यामुळे होतो. गाठ अजून सापडलेली नाही, पण साखर वाढू लागली आहे. डॉक्टर साखरेचं औषध सुरू करतात, वर्षभरात गाठ दिसते, आणि आकडेवारीत नोंद होते ती ‘औषध सुरू केल्यावर वर्षात कर्करोग’ अशी. म्हणून चांगले अभ्यासक औषध सुरू झाल्यानंतरचं पहिलं वर्ष हिशेबातून वगळतात. जे वगळत नाहीत त्यांच्या निष्कर्षाकडे सावधपणे पाहावं.

मेटफॉर्मिन : कौतुकाची चढण आणि उतार

मेटफॉर्मिन मधुमेहावर वापरण्याचं काम फ्रान्समधले डॉक्टर जाँ स्टेर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलं. अमेरिकेत मात्र त्याला १९९४ च्या अखेरीस मान्यता मिळाली. आज टाइप २ मधुमेहात जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं औषध हेच. २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या रुग्णनोंदींवरून एक छोटा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्या मधुमेहींनी मेटफॉर्मिन घेतलं होतं त्यांच्यात कर्करोग कमी आढळला, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानंतर अशा अभ्यासांचा पूर आला. काहींत तर कर्करोगाचा धोका निम्म्याने कमी झाल्याचे दावे होते.

इतका मोठा फायदा पाहून काही जाणकारांच्या कपाळावर आठ्या पडल्या. कॅनडातले सामी सुइसा आणि लॉरां अझुले यांनी २०१२ मध्ये हे अभ्यास एकेक करून उलगडून पाहिले. त्यांना अनेक ठिकाणी एकच हिशेबाची गफलत सापडली. समजा एकाला २००१ मध्ये मधुमेह झाला आणि मेटफॉर्मिन २००६ मध्ये सुरू झालं. अभ्यासकाने त्याला २००१ पासूनच ‘मेटफॉर्मिन घेणारा’ धरलं, तर मधली पाच वर्षं फुकटात औषधाच्या खात्यावर जमा होतात. त्या पाच वर्षांत त्याला कॅन्सर होऊन तो गेला असता, तर तो मेटफॉर्मिनच्या गटात आलाच नसता, दुसऱ्या गटात मोजला गेला असता. पेन्शन घेणाऱ्यांचं सरासरी आयुर्मान पाहून ‘पेन्शनमुळे आयुष्य वाढतं’ असं म्हणण्यासारखंच हे. पेन्शन मिळायला आधी निवृत्तीच्या वयापर्यंत जगावं लागतं! ही गफलत काढून टाकल्यावर मेटफॉर्मिनचा फायदा बराच आक्रसला, आणि कित्येक विश्लेषणांत नाहीसाच झाला.

मग खरी कसोटी लागली ती यादृच्छिक चाचण्यांत, म्हणजे अक्षरशः चिठ्ठ्या टाकून कोणाला औषध आणि कोणाला नाही हे ठरवणाऱ्या चाचण्यांत. पुरुषांच्या दृष्टीने दोन महत्त्वाच्या. ब्रिटनमध्ये स्टॅम्पीड नावाची मोठी चाचणी चालते, तिच्या एका भागात शरीरात पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १,८७४ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत मेटफॉर्मिन दिलं गेलं. मेटफॉर्मिनच्या गटाचं मध्यम आयुर्मान सुमारे ६७ महिने भरलं, दुसऱ्या गटाचं सुमारे ६२. हा फरक निव्वळ योगायोग नाही, असं खात्रीने म्हणता आलं नाही. मात्र संप्रेरक रोखणाऱ्या उपचाराने वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल बिघडतं, ते मेटफॉर्मिनमुळे काहीसं आटोक्यात राहिलं. दुसरी चाचणी कॅनडातली. कमी धोक्याचा प्रोस्टेट कॅन्सर असलेले आणि शस्त्रक्रियेऐवजी नुसत्या देखरेखीखाली राहिलेले ४०८ पुरुष तिच्यात होते. मेटफॉर्मिनने त्यांचा कॅन्सर पुढे सरकण्याचं प्रमाण कमी झालं नाही. स्तनाच्या कर्करोगावरच्या साडेतीन हजारांहून अधिक जणांच्या चाचणीतही २०२२ मध्ये हाती काही लागलं नव्हतं.

एक बारकावा इथे सोडता कामा नये. या चाचण्या कर्करोग झालेल्या आणि मधुमेह नसलेल्या लोकांवर होत्या. ‘मधुमेहीला मेटफॉर्मिन दिलं तर पुढे कर्करोग टळतो का’ हा प्रश्न त्याहून वेगळा आहे, त्याचं थेट उत्तर त्या देत नाहीत. पण दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर इतकं नक्की म्हणता येतं : मेटफॉर्मिन कर्करोग वाढवतं असा पुरावा नाही, आणि कर्करोग टाळायला म्हणून ते घेण्याइतकाही पुरावा नाही. साखरेसाठी घेत असाल तर निर्धास्त घ्या.

२०२० मध्ये काही कंपन्यांच्या दीर्घकाळ विरघळणाऱ्या मेटफॉर्मिन गोळ्या अमेरिकेत बाजारातून परत मागवल्या गेल्या होत्या, तेव्हा बराच गोंधळ उडाला. तिथे दोष मेटफॉर्मिनचा नव्हता. त्या गोळ्यांत एनडीएमए नावाच्या घातक अशुद्धीचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळलं होतं. तो गोळ्यांच्या शुद्धतेचा प्रश्न, औषधाच्या गुणधर्मांचा नव्हे.

पायोग्लिटाझोन : ज्याच्यावरचा संशय गेला नाही

आता मुख्य संशयिताकडे. पायोग्लिटाझोन १९९९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलं. शरीर इन्शुलिनला जी दाद देत नाही ती द्यायला लावणं, हे त्याचं काम, आणि ते काम ते चांगलं करतं. पण बाजारात येण्यापूर्वीच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक खटकणारी गोष्ट दिसली होती. नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. माद्यांच्या नाही, फक्त नरांच्या. या जातीच्या नरांच्या लघवीत खडे तयार होऊन मूत्राशयाचं अस्तर सतत खरवडलं जातं आणि त्यातून गाठी होतात, असं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. माणसाच्या लघवीची जडणघडण वेगळी, म्हणून हे माणसाला लागू पडेलच असं नाही. पण शंकेची नोंद झाली ती झालीच.

२००५ मध्ये प्रोॲक्टिव्ह या चाचणीचे निकाल आले. मधुमेह आणि हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेले ५,२३८ रुग्ण तिच्यात होते. पायोग्लिटाझोनच्या गटात मूत्राशयाचे १४ कर्करोग, आणि खोट्या गोळीच्या गटात ६. आकडे इतके लहान की योगायोग नाकारता येत नव्हता. गंमत पाहा, याच रुग्णांचा पुढे सुमारे दहा वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा हा फरक टिकला नाही.

दरम्यान जून २०११ मध्ये फ्रान्सने पायोग्लिटाझोनचा वापर थांबवला. जर्मनीने नव्या रुग्णांना ते सुरू करू नका असं सांगितलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बंदी न घालता माहितीपत्रकात इशारा छापायला लावला. भारतात जून २०१३ मध्ये बंदी आली आणि जुलै संपता संपता ती इशाऱ्याच्या अटीवर उठलीही. एकाच पुराव्यावरून वेगवेगळे देश इतके वेगळे वागले, कारण पुरावा अर्धवट होता आणि तेवढ्यावर निर्णय घ्यायचा होता.

नंतरचे दोन मोठे अभ्यास पाहा. पहिला कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेच्या रुग्णांचा. दहा वर्षांचा अंतिम निकाल २०१५ मध्ये आला. जवळपास १ लाख ९३ हजार मधुमेहींमध्ये पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांचा मूत्राशय कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा ६ टक्के जास्त निघाला, पण संख्याशास्त्राच्या भाषेत तो फरक दखलपात्र नव्हता. दुसरा अभ्यास ब्रिटनमधल्या १ लाख ४५ हजारांहून अधिक मधुमेहींचा, २०१६ मध्ये आला. त्यात धोका ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. शिवाय औषध जितकं जास्त काळ आणि जितक्या जास्त मात्रेत, तितका धोका वाढत गेला. पायोग्लिटाझोनच्याच कुळातल्या रोसिग्लिटाझोनबाबत मात्र असं काही दिसलं नाही. मात्रेबरोबर धोका चढत जाणं ही अशी खूण आहे की जिच्याकडे अभ्यासक सहसा दुर्लक्ष करत नाहीत. मलाही ब्रिटनच्या अभ्यासाचं पारडं थोडं जड वाटतं ते याच कारणाने. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि धोका वाढत असण्याची शक्यता आहे, ही भूमिका कायम ठेवली.

६३ टक्के हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं. म्हणून त्याच अभ्यासातले मूळ आकडे पाहू. एक लाख मधुमेही वर्षभर नजरेखाली ठेवले, तर पायोग्लिटाझोन न घेणाऱ्यांत सुमारे ८९ जणांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, घेणाऱ्यांत सुमारे १२१ जणांना. फरक ३२ चा, आणि तोही एक लाखात. (हे कच्चे आकडे आहेत; ६३ टक्के हा वय वगैरे गोष्टींचा हिशेब घातल्यावरचा आकडा.) अमेरिकेच्या प्रशासनाने २०११ मध्ये वेगळ्या आकडेवारीवरून, वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांसाठी काढलेला अंदाज साधारण तितकाच होता : दर लाखामागे वर्षाला २७ ते २८ जास्तीचे रुग्ण. म्हणजे दहा हजार जणांनी वर्षभर औषध घेतलं तर सुमारे तीन जास्तीचे कर्करोग. उरलेल्या ९,९९७ जणांना औषधामुळे हा कर्करोग झालेला नसेल.

मग पुरुषांसाठी यात वेगळं काय? मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांत स्त्रियांच्या तीन ते चार पट आढळतो. मुळातला धोकाच मोठा असला की त्यावरची तितकीच टक्केवारी प्रत्यक्षात जास्त माणसांना भोवते. आणि या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे, जवळपास निम्मे रुग्ण त्याच्या खाती जातात. साठीचा, अनेक वर्षं सिगारेट ओढलेला पुरुष आणि कधीच न ओढलेली चाळिशीतली स्त्री यांना पायोग्लिटाझोन देताना डॉक्टरने एकसारखाच विचार करावा, असं अजिबात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पायोग्लिटाझोनला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. ऐकायला भयंकर. पण हे वर्गीकरण ‘धोका असू शकतो याचा पुरावा किती भक्कम’ एवढंच सांगतं. धोका केवढा, ते सांगत नाही. याच गटात लाल मांस आहे आणि रात्रपाळीचं कामही आहे.

कॅलिफोर्नियाच्या त्याच अभ्यासात प्रोस्टेटच्या कर्करोगाचाही एक आकडा होता, तो पुरुषांच्या विशेष कामाचा. वय आणि इतर गोष्टींचा हिशेब घातल्यावर पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांत धोका १३ टक्के जास्त निघाला. पण कच्चे आकडे काय सांगतात? लाखामागे वर्षाला ४५३ विरुद्ध ४४९. जवळपास सारखेच. अभ्यासकांनी स्वतःच लिहून ठेवलं की हा योगायोग असेल, हिशेबातून निसटलेलं काही असेल, किंवा खरंही असेल. इतक्या प्रामाणिक वाक्याची बातमी होताना पहिल्या दोन शक्यता बहुधा गळतात.

डापाग्लिफ्लोझिनची गोष्ट

संशय कसा उभा राहतो आणि कसा मावळतो याचं सर्वांत बोलकं उदाहरण डापाग्लिफ्लोझिन हे आहे. हे औषध जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. त्याच्या २२ चाचण्यांमध्ये मूत्राशयाचे कर्करोग मोजले तर औषध घेणाऱ्या ६,०४५ जणांत १०, आणि न घेणाऱ्या ३,५१२ जणांत फक्त १. साखर लघवीत जाते, लघवी मूत्राशयात साठते, आणि कर्करोगही तिथेच : कथा अगदी जुळून येत होती. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेने मंजुरी नाकारली. कर्करोगाची शंका हे त्यामागचं एक कारण होतं. अधिक माहिती मिळाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, इशाऱ्यासकट.

तेव्हाही बारकाईने पाहणाऱ्यांना काही खटकत होतं. औषध सुरू होऊन वर्षही न झालेले रुग्ण बाजूला काढले तर १० चे ४ उरत होते. कर्करोगाची गाठ काही महिन्यांत शून्यातून उभी राहत नाही. लघवीच्या तक्रारी वाढल्यामुळे तपासण्या जास्त झाल्या आणि आधीपासून असलेल्या गाठी लवकर सापडल्या, हीही शक्यता होतीच. मग १७,१६० रुग्णांची, सरासरी चार वर्षांहून अधिक काळ चाललेली डिक्लेअर ही चाचणी झाली. मूत्राशयाचे कर्करोग : डापाग्लिफ्लोझिन गटात २६, खोट्या गोळीच्या गटात ४५. पारडं पूर्ण फिरलं.

यावरून डापाग्लिफ्लोझिन मूत्राशयाचा कर्करोग रोखतं असं म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. १० विरुद्ध १ या आकड्यावर विश्वास ठेवणं जितकं घाईचं होतं, तितकंच हेही.

बाकीची औषधं

इन्शुलिनबाबत २००९ मध्ये मोठी खळबळ उडाली. ग्लार्जिन या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्शुलिनने कर्करोग वाढतो का, असा प्रश्न उभा करणारे नोंदींवरचे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांचे निष्कर्षही एकमेकांशी नीट जुळत नव्हते. २०१२ मध्ये ओरिजिन चाचणीने त्यावर पडदा टाकला. १२,५३७ लोक, सहा वर्षांहून अधिक काळ, आणि कर्करोगाचं प्रमाण ग्लार्जिनच्या आणि दुसऱ्या गटात तंतोतंत सारखं.

सिटाग्लिप्टिनच्या कुळातल्या गोळ्यांवर स्वादुपिंडाचा संशय होता. अमेरिका आणि युरोपच्या औषध नियामकांनी एकत्र बसून २०१४ मध्ये सांगितलं की उपलब्ध माहितीवरून कार्यकारणसंबंध दिसत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या जुन्या गोळ्यांबाबत निष्कर्ष कधी इकडे, कधी तिकडे, आणि त्यात तुलना मेटफॉर्मिनशी केलेली असली की मघाचीच अडचण येते : गट मुळात सारखे नसतात.

सध्या सर्वाधिक चर्चा आहे ती लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड यांच्या कुळाची, कारण वजन कमी करण्यासाठीही ही औषधं घेतली जाऊ लागली आहेत. उंदरांमध्ये त्यांनी थायरॉइडच्या विशिष्ट पेशींच्या गाठी झाल्या. माणसाच्या त्या पेशींवर या औषधाला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) खूपच कमी असतात, तरीही मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (त्याच पेशींचा कर्करोग) स्वतःला किंवा घराण्यात असेल तर ही औषधं देत नाहीत. हा कर्करोग दुर्मीळ आहे. २०२३ मध्ये फ्रान्सच्या एका अभ्यासात थायरॉइड कॅन्सर थोडा जास्त दिसला. युरोपच्या नियामकांनी त्याच वर्षी पुरावा तपासून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं म्हटलं, आणि २०२४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या सुमारे १ लाख ४५ हजार वापरकर्त्यांच्या अभ्यासातही वाढ आढळली नाही. या भीतीचा पुरुष असण्याशी काही विशेष संबंध नाही. पुरुषांच्या बाजूने पाहायचं तर लिराग्लुटाइडच्या ९,३४० रुग्णांच्या लीडर चाचणीत प्रोस्टेट कॅन्सर औषधाच्या गटात जवळपास निम्मेच निघाले. सुखावणारी गोष्ट, पण एकाच चाचणीत दहा-पंधरा प्रकारचे कर्करोग मोजले की एखाद्यात फरक नुसत्या योगायोगानेही दिसतो, आणि ही चाचणी मुळात हृदयासाठी होती. वजन उतरल्यामुळे काही कर्करोग खरोखर कमी होतील, हा तर्क पटण्याजोगा आहे. त्यासाठी आणखी वर्षं जावी लागतील.

गोळ्या घेणाऱ्याने करायचं काय

पहिली गोष्ट, बातमी वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. साखर अनियंत्रित राहिली तर डोळे, मूत्रपिंड, पाय आणि हृदय यांना होणारी इजा हा दहा हजारांत तीन असा धोका नसतो, तो त्याच्या कित्येक पट मोठा असतो.

पायोग्लिटाझोन चालू असेल तर मात्र डॉक्टरांशी एकदा सविस्तर बोलावं. बऱ्याच जणांना आपण ते घेतोय हेच माहीत नसतं, कारण ते अनेकदा मेटफॉर्मिन किंवा ग्लिमेपिराइडसोबत एकाच गोळीत असतं. म्हणून गोळीच्या पट्टीवर मागच्या बाजूला छापलेली घटकांची नावं वाचावी. मूत्राशयाचा कर्करोग सध्या असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल तर हे औषध नको. लघवीतून रक्त जात असेल आणि कारण सापडलेलं नसेल, तर कारण सापडेपर्यंत नको. हार्ट फेल्युअर असेल तरी नको, ते वेगळ्या कारणाने : या औषधाने शरीरात पाणी साठतं. सिगारेट ओढत असाल, रंग किंवा रसायनांच्या कारखान्यात अनेक वर्षं काम केलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसऱ्या बाजूला, यकृतावर चरबी असलेल्या किंवा मेंदूचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांना या औषधाचा चांगला उपयोग होतो. त्यामुळे ‘सरसकट बंद’ हे उत्तर नाही. बंद करायचं ठरलंच, तर त्याच्या जागी काय द्यायचं ते ठरवूनच बंद करावं.

लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, न दुखता दिसलं, तरी औषध कोणतंही असो, तपासून घ्यावं. न दुखता येणारं रक्त हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं नेहमीचं पहिलं लक्षण आहे, आणि पुरुष ते ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देतात. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला, घरात कोणाला नाही, आणि वजन वाढण्याऐवजी उतरतंय, तर स्वादुपिंडाकडे एकदा पाहायला हवं का, हे डॉक्टरांना विचारावं. आणि पीएसएची तपासणी करत असाल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना मधुमेह किती वर्षांचा आहे ते सांगा, कारण इतरांसाठी ‘नॉर्मल’ असलेला आकडा जुन्या मधुमेहीच्या बाबतीत थोडा फसवा असू शकतो.